भिंतीवरचे आजोबा : गिचिन फुनाकोशी यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या कराटे वर्गाच्या भिंतीवर एका जपानी वृद्धाचा फोटो आहे. सरावाच्या आधी आणि नंतर मुलं त्याच्यासमोर गुडघे टेकून वाकतात. नवीन मूल आलं की पहिल्याच आठवड्यात विचारतं, "सर, हे कोण?" मग पालकांचे प्रश्न सुरू होतात. गेली काही वर्षं मी जी उत्तरं तोंडी देत आलो, ती इथे एकदा नीट लिहून ठेवतो.

फोटोतले हे आजोबा कोण?

गिचिन फुनाकोशी. कराटे ओकिनावा बेटावरून जपानच्या मुख्य भूमीवर नेऊन तिथे रुजवणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं. आपल्याकडे गल्लोगल्ली जो 'शोतोकान' प्रकार शिकवतात तो त्यांच्या शिकवणीतून आला. पण मुलांना मी आधी एवढंच सांगतो, की हे शाळामास्तर होते. जवळजवळ तीस वर्षं त्यांनी ओकिनावातल्या शाळांमध्ये शिकवलं. त्यांचं कराटे समजून घ्यायचं तर या गोष्टीपासून सुरुवात करावी लागते.

त्यांचं जन्मसाल कुठे 1868 तर कुठे 1870 असं का दिसतं?

खरं साल 1868. ओकिनावातल्या शुरी गावी, हलक्या दर्जाच्या सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. पुढे त्यांना वैद्यकीय शाळेत जायचं होतं आणि त्या परीक्षेला 1870 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच बसता येत होतं. म्हणून त्यांनी कागदावर साल बदलून घेतलं. ही गोष्ट त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितली आहे. तेव्हा 1870 वाचलंत तर ते पुस्तक चुकीचं आहे असं लगेच समजू नका.

मग ते डॉक्टर का झाले नाहीत?

परीक्षा पास झाले होते. अडलं ते केसांच्या गाठीपाशी.

ओकिनावा हे तोवर र्‍युक्यू नावाचं वेगळं राज्य होतं. 1879 मध्ये जपानने ते खालसा करून आपला जिल्हा केला. तिथले पुरुष डोक्यावर केसांची गाठ बांधत आणि ती गाठ म्हणजे घराण्याची इभ्रत. नव्या सरकारच्या वैद्यकीय शाळेत अशी गाठ ठेवणाऱ्याला प्रवेश नव्हता. फुनाकोशींचं घर जुन्या वळणाचं, त्यामुळे गाठ कापायची नाही यावर सगळे ठाम राहिले आणि डॉक्टरकी तिथेच राहिली. त्याच काळात आपल्याकडे शेंडी कापण्यावरून घराघरांत काय व्हायचं ते आजी-आजोबांकडून ऐकलेल्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

1888 मध्ये ते साहाय्यक शिक्षक झाले आणि नोकरीसाठी शेवटी गाठ कापली. ते घरी आले तेव्हा वडिलांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. आईने तोंड फिरवलं, मागच्या दाराने बाहेर पडली आणि थेट माहेरी गेली.

लहानपणापासून दणकट होते का?

अजिबात नाही. दिवस भरण्याआधीच जन्मलेलं मूल. हे फार दिवस जगणार नाही, असं सगळे धरून चालले होते. आईच्या आई-वडिलांनी त्यांना लाडाने वाढवलं. कराटेकडे ते वळले ते प्रकृतीसाठी. "आमचं मूल फार अशक्त आहे, झेपेल का?" असं विचारणाऱ्या पालकांना मी या फोटोकडे बोट दाखवतो. हा माणूस 88 वर्षं जगला.

त्यांचे गुरू कोण?

मुख्य गुरू दोन, अंको अझातो आणि अंको इतोसु. अझातोंचा मुलगा फुनाकोशींचा शाळासोबती, त्याच्यामुळे ही ओळख झाली. अझातो मोठ्या घराण्यातले आणि तलवारीतही तयार. इतोसुंची छाती पिंपासारखी गोल. मूठ, ताकद, शरीर घट्ट करणं हा त्यांचा प्रांत. शाळांमध्ये कराटे आणण्याचं श्रेय मुख्यतः इतोसुंना जातं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्याच खटपटीने ओकिनावाच्या शाळांत ते शिकवलं जाऊ लागलं.

त्याआधी ही विद्या लपून शिकायची होती. दिवसभर शाळेत शिकवून झालं की फुनाकोशी रात्री अझातोंच्या घरी चालत जात. चांदणं नसलं की हातात कंदील. पहाटेच्या आत परत. हा माणूस रोज रात्री जातो तरी कुठे, याबद्दल शेजाऱ्यांत कुजबुज सुरू झाली आणि वेश्यावस्तीत जात असावा असाही तर्क काहींनी केला. त्यांनी कुणाला खुलासा दिला नाही, कारण देता येतच नव्हता.

"एकच काता किती महिने करायचा? माझी मुलगी कंटाळली आहे."

काता म्हणजे एकट्याने करायचा ठोसे-लाथांचा ठरलेला क्रम. हा प्रश्न दर परीक्षेच्या आधी येतो, म्हणून अझातोंच्या अंगणातलंच सांगतो.

गुरू ओसरीवर ताठ बसलेले आणि हा तरुण मास्तर अंगणात दिव्याच्या अंधूक उजेडात तोच काता करतो आहे. काता संपला की गुरूंकडून बहुधा एवढंच ऐकू येई, "परत." किंवा, "अजून थोडं." शाबासकी नाही, कुठे चुकलं याचं व्याख्यान नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा तोच काता. गुरूंचं समाधान होईपर्यंत पुढचा मिळायचा नाही. 'तेक्की' या तीन काता शिकायला त्यांना दहा वर्षं लागली.

तेक्की ज्यांनी केली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. घोड्यावर मांड ठोकल्यासारखे पाय फाकवून बसायचं आणि त्याच उंचीवर एका रेषेत उजवीकडे-डावीकडे सरकायचं. पुढे-मागे एकही पाऊल नाही, उडी नाही, फिरणं नाही. दुसऱ्याच मिनिटाला मांड्या थरथरतात. मग गुडघे नकळत आत यायला लागतात आणि डोकं वर उठतं. बघणाऱ्याला वाटतं, यात काय आहे? करणाऱ्याला मात्र शरीर कुठे लबाडी करतंय ते दर खेपेला कळतं. हीच काता मी पंधरा वर्षं करतोय, आणि डावा गुडघा अजून आत येतो.

मुलगी कंटाळली असेल तर कंटाळू द्या. कंटाळ्याच्या पलीकडे गेली की काता तिची होते.

वादळात छपरावर उभं राहण्याची गोष्ट खरी आहे का?

ती त्यांच्या आत्मचरित्रातच आहे. ओकिनावाला तायफून म्हणजे नेहमीचे. अशाच एका वादळात लोक दारंखिडक्या लावून घरात बसले असताना हा तरुण केवळ लंगोटीवर छपरावर चढला. दोन्ही हातांत तातामी, म्हणजे जमिनीवर अंथरायची जाड गवती चटई, ढालीसारखी धरून वाऱ्याच्या तोंडावर तोच घोड्याचा पवित्रा घेऊन उभा. वारा ढकलायचा, तो खाली पडायचा, चिखलाने माखून पुन्हा चढायचा. कृपा करून मुलांनी हे करू नये. आमच्या वर्गातल्या एकाने पावसाळ्यात गच्चीवर करून पाहिलं होतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

टोकियोला ते कायमचे राहायला गेले होते का?

नाही. थोड्या दिवसांसाठी गेले आणि उरलेल्या आयुष्याचा बहुतेक काळ तिथेच गेला.

1921 मध्ये युवराज हिरोहितो ओकिनावाला थांबले असताना शुरीच्या किल्ल्यात कराटेचं प्रात्यक्षिक झालं, त्याचं नेतृत्व फुनाकोशींकडे होतं. पुढच्या वर्षी, 1922 च्या वसंतात, शिक्षण खात्याने टोकियोत शारीरिक शिक्षणाचं प्रदर्शन भरवलं. ओकिनावातर्फे ते गेले, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. प्रदर्शन झालं, परतायची तयारी झाली. तेवढ्यात जुडोचे जनक जिगोरो कानो यांनी कोदोकानमध्ये, म्हणजे त्यांच्या जुडोच्या शाळेत, प्रात्यक्षिक द्यायला बोलावलं. जोडीला शिंकिन गिमा हा टोकियोत शिकणारा ओकिनावाचा विद्यार्थी घेतला. शंभराच्या वर जाणकार बघायला बसले होते. कानोंनी विचारलं, सगळ्या काता शिकायला किती वेळ लागेल? फुनाकोशी म्हणाले, वर्षाहून जास्त. कानो म्हणाले, मग निदान दोन-तीन तरी शिकवा. मुक्काम लांबला. मग होआन कोसुगी नावाच्या चित्रकाराने गळ घातली, की परत जाऊ नका, आम्हालाही शिकवा. मुक्काम आणखी लांबला, तो लांबतच गेला.

बायको-मुलं ओकिनावात, इकडे हातात पैसा नाही. मेइसेइ जुकु हे ओकिनावाच्या विद्यार्थ्यांचं वसतिगृह होतं, तिथे एका लहानशा खोलीत ते राहिले. दिवसा वसतिगृहाची झाडलोट, बागेची निगा, राखणदारी. विद्यार्थी तासाला गेले की रिकाम्या दिवाणखान्यात कराटेचा वर्ग. एकदा त्यांना भेटायला एक पाहुणा आला. अंगणात झाडू मारणाऱ्या म्हाताऱ्याला त्याने विचारलं, "कराटे शिकवणारे फुनाकोशी कुठे भेटतील?" म्हातारा "थांबा हं" म्हणून आत गेला, कपडे बदलून नीट किमोनो घालून समोर आला आणि वाकून म्हणाला, "मी फुनाकोशी." पाहुण्याचं तोंड उघडंच राहिलं. मला त्यांच्या चरित्रातली ही सगळ्यात आवडती जागा आहे. झाडू मारताना त्यांना कमीपणा वाटला नाही आणि पाहुण्यासमोर मळक्या कपड्यांत उभं राहणंही त्यांना पटलं नाही.

एकदा गहाण टाकायला जुनी टोपी आणि ओकिनावाचा हातमागाचा किमोनो घेऊन गेले. दुकानातल्या माणसाने आत जाऊन कुणाशी तरी बोलून त्या वस्तूंच्या किमतीपेक्षा बरेच जास्त पैसे हातावर ठेवले. मागून कळलं, त्याचा धाकटा भाऊ त्यांचाच विद्यार्थी होता.

1 सप्टेंबर 1923 च्या भूकंपात टोकियो जळलं. 1922 मध्ये निघालेल्या त्यांच्या पहिल्या पुस्तकाच्या छपाईच्या पाट्याही त्यात गेल्या. त्यांनी पुस्तक सुधारून 1925 मध्ये पुन्हा काढलं.

'कराटे' या शब्दाचा अर्थ काय? तो त्यांनी बदलला म्हणतात, ते काय प्रकरण आहे?

'ते' म्हणजे हात. 'कारा' हा उच्चार मात्र दोन चिन्हांचा होऊ शकतो. पूर्वी जे चिन्ह लिहीत त्याचा अर्थ चीन, म्हणजे 'चिनी हात'. फुनाकोशींनी त्याऐवजी त्याच उच्चाराचं दुसरं चिन्ह नेमाने वापरायला सुरुवात केली. त्याचा अर्थ रिकामा. ओकिनावातल्या एका गुरूंनी ते चिन्ह 1905 मध्येच लिहिलं होतं, त्यामुळे शोध त्यांचा नव्हे, पण ते रुजवलं त्यांनी. ओकिनावातून टीकाही झाली. अखेर 1936 मध्ये नाहा शहरात तिथल्या गुरूंची बैठक झाली आणि तिनेही नवं नाव मान्य केलं. त्या काळी जपानमध्ये चीनविरोधी वारं जोरात होतं, त्यामुळे या बदलाला राजकारणाची बाजूही होती हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण त्यांनी स्वतः दिलेलं कारण आपल्याला ऐकताच जवळचं वाटेल. ते म्हणाले, रिकामा म्हणजे नुसता शस्त्राविना नव्हे. मन स्वार्थ आणि कपट यांनी रिकामं हवं. त्याच्या आधाराला त्यांनी बौद्धांचं वचन घेतलं, "शिकी सोकु झे कू, कू सोकु झे शिकी." जपानी मठांमध्ये रोज म्हटलं जाणारं हे वचन मुळात संस्कृत प्रज्ञापारमिता हृदयसूत्रातलं: "रूपं शून्यता, शून्यतैव रूपम्." म्हणजे आपल्या मुलांच्या पांढऱ्या गणवेशावर जो शब्द भरतकामात असतो, त्यातल्या 'कारा' या चिन्हामागे आपली शून्यता उभी आहे. मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी वर्गात कराटे सोडून अर्धा तास यावरच बोलत बसलो होतो.

म्हणजे कराटे मूळचं भारतातलंच ना? बोधिधर्माने नेलेलं?

नाही, असं म्हणता येत नाही. बोधिधर्माने शाओलिन मठातल्या भिक्षूंना व्यायाम शिकवले आणि त्यातून सगळ्या युद्धकला निघाल्या ही कथा फुनाकोशींनीही आपल्या पुस्तकांत सांगितली आहे, कारण त्यांच्या काळी सगळेच ती सांगत. पण तिला समकालीन पुरावा नाही. ज्या चिनी ग्रंथावर ती उभी आहे तो बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी, सतराव्या शतकात लिहिलेला आहे. कराटे ओकिनावाचं. तिथली जुनी हाताची विद्या आणि चीनच्या फुजियान भागातून आलेल्या पद्धती यांतून ते घडलं. शून्यतेचं वचन आपल्याकडचं आहे, त्याचा आनंद जरूर मानावा. ठोसे आपले नाहीत.

काळा पट्टा त्यांनीच सुरू केला का?

कराटेत, हो. पट्टे आणि 'डान', म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पायऱ्या, ही पद्धत कानोंच्या जुडोतून घेतलेली. पांढरा गणवेशही जुडोच्या धर्तीवरचाच. एप्रिल 1924 मध्ये फुनाकोशींनी पहिले काळे पट्टे दिले. त्याच वर्षी केइओ विद्यापीठात कराटेचा पहिला वर्ग उभा राहिला. त्यांच्या हातून दिला गेलेला सर्वांत वरचा डान पाचवा होता. आज दुकानासारखे डान वाटले जातात तेव्हा हा आकडा आठवावा.

'शोतोकान' म्हणजे काय?

फुनाकोशी कविता करत. तरुणपणी शुरीजवळच्या डोंगरावर एकटे फिरायला जात, तिथे पाइनच्या झाडांतून वारा सुटला की लाटांसारखा आवाज येई. म्हणून टोपणनाव घेतलं 'शोतो', पाइनच्या लाटा. 'कान' म्हणजे वास्तू. 1930 नंतरच्या दशकात शिष्यांनी वर्गणी काढून टोकियोत त्यांच्यासाठी स्वतंत्र दोजो, म्हणजे सरावाची वास्तू, बांधला आणि दारावर ही पाटी लावली. शैलीचं नाव म्हणून ते पडलं लोकांच्या तोंडून. शोतोकानच्या चिन्हातला वाघ चित्रकार कोसुगींनी काढलेला.

घरच्यांचं काय झालं?

हे लिहिताना जड जातं. पत्नी ओकिनावातच राहिल्या. पूर्वजांची पूजा सोडून यायला त्या तयार नव्हत्या. विणकाम आणि भाजीपाला करून त्यांनी घर चालवलं. त्या स्वतःही काता करत. शेजारी दारू पिऊन भांडण झालं की सोडवायला लोक त्यांना बोलवत.

1945 ने सगळं हिरावून घेतलं. बॉम्बहल्ल्यात शोतोकानची वास्तू जळाली. तिसरा मुलगा गिगो, ज्याने शोतोकानला आजचे खोल पवित्रे आणि लांब लाथा दिल्या, तो क्षयाने गेला. ओकिनावात लढाई झाली आणि बेट उद्ध्वस्त झालं. पत्नी कशाबशा क्युशू बेटावरच्या ओइता इथे पोचल्या, फुनाकोशीही तिकडे गेले. इतक्या वर्षांच्या ताटातुटीनंतर दोघं एकत्र राहिले ते जेमतेम दोन वर्षं. 1947 मध्ये त्या गेल्या. ऐंशीच्या घरातला हा माणूस पुन्हा टोकियोला आला आणि पुन्हा शिकवू लागला.

त्यांना स्पर्धा आवडत नव्हत्या, मग आपण का खेळतो?

खरंच आवडत नव्हत्या. टोकियो विद्यापीठातल्या मुलांनी कवचं घालून मोकळ्या लढती सुरू केल्या तेव्हा त्यांनी तिथलं शिकवणं सोडलं. त्यांचा भर कातांवर होता. त्यांच्या क्रमात पंधरा काता. 1949 मध्ये शिष्यांनी जपान कराटे असोसिएशन स्थापन केली आणि त्यांना मानाचं प्रमुखपद दिलं. पण तिची पहिली अखिल जपान स्पर्धा झाली 1957 च्या शरद ऋतूत, ते गेल्यानंतर काही महिन्यांनी. टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटे आलं तेव्हा पुरुषांच्या कातांचं सुवर्णपदक र्‍यो कियुना या ओकिनावाच्याच खेळाडूने घेतलं. लढतीचं नव्हे, काताचं सुवर्ण ओकिनावाला गेलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

आपण खेळतो, कारण मुलांना त्यातून धीर येतो. पण पदकांसाठी काता घाईघाईने पाठ करून घेणं मला मान्य नाही.

"कराटेत पहिला वार नाही." म्हणजे मुलीने आधी मार खायचा का?

हा प्रश्न मुलींच्या आया विचारतात, आणि त्यांनी तो विचारायलाच हवा.

त्यांच्या वीस सूत्रांपैकी हे दुसरं. पहिलं आहे, कराटे नमस्काराने सुरू होतं आणि नमस्काराने संपतं. दुसऱ्याचा अर्थ मार खा असा नाही. भांडण तू काढू नकोस, असा आहे. कुणी वाट अडवून हात धरला तर पहिला वार झालेलाच आहे. त्यानंतर सुटण्यासाठी जे लागेल ते करायचं. याच यादीतली दुसरी दोन सूत्रं मी मुलींना जास्त वेळा सांगतो. एक, घराचं दार ओलांडलं की लाखो शत्रू आहेत असं समज. म्हणजे घाबर असं नव्हे, कानात गाणी घालून अंधाऱ्या बोळातून जाऊ नकोस. दुसरं, जिंकायचा विचार करू नकोस, हरायचं नाही एवढाच कर. चोवीस किलोच्या मुलीने मोठ्या माणसाला लोळवायचं नाहीये. मनगट सोडवायचं, ओरडायचं, पळायचं आणि घरी येऊन सगळं सांगायचं.

त्यांनी स्वतः कधी कुणावर कराटे वापरलं का?

दोन प्रसंग त्यांनीच लिहून ठेवलेत.

पहिला तरुणपणीचा. सासुरवाडीच्या देवघरात ठेवायला मिठाई घेऊन संध्याकाळी चालले होते. वाटेत दोघांनी अडवलं. ते त्या दोघांना सहज आडवं करू शकले असते. त्यांनी मिठाई देऊन टाकली आणि पुढे गेले. दोन्ही गुरूंना हे सांगितलं तेव्हा, एरवी "परत" याखेरीज न बोलणाऱ्या त्या माणसांनी त्यांचं कौतुक केलं.

दुसरा युद्धानंतरचा, वय ऐंशीच्या आसपास. काव्यवाचनाच्या बैठकीहून रात्री एकटे परतत होते. एकाने अडवून हातातलं गाठोडं मागितलं आणि अंगावर आला. फुनाकोशी खाली वाकले आणि त्याला नाजूक जागी असं पकडलं, की तो तिथेच गळपटला. नेमका पोलीस आला, त्याच्या ताब्यात त्याला दिलं. आपण असतो तर ही गोष्ट शंभरदा सांगितली असती. त्यांनी लिहिलंय ते वेगळंच. तो बहुधा युद्धावरून परतलेला, काम नसलेला माणूस होता, एकाएकी केलेली ही लूट होती. आणि जे कधीही करू नका असं मी पोरांना सांगत आलो तेच मी केलं, याची मला लाज वाटली.

त्यांचं स्मारक कुठे आहे?

26 एप्रिल 1957 रोजी त्यांचं टोकियोत निधन झालं. 1968 मध्ये कामाकुरा इथल्या एंगाकुजी या झेन मंदिराच्या आवारात त्यांच्या स्मरणार्थ शिळा उभारली. टोकियोहून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर आहे. जपानला कामानिमित्त जाणारे मराठी लोक बरेच आहेत, त्यांनी वाट वाकडी करून जरूर जावं. शिळेवर कोरलं आहे: "कराटे नी सेंते नाशी." कराटेत पहिला वार नाही.